धरणारा दगड

१

आटपाट नगर नव्हतं, आटपाट डोंगर होता. त्या डोंगराच्या पायथ्याला पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, आणि ओळीच्या शेवटच्या बिऱ्हाडात चार माणसं राहत होती. एक सासू, तिची कंबर गेली होती, जीभ शाबूत होती. एक तिचा मुलगा, खाणीवर डंपर चालवायचा; घरात बोलायचा कमी, रस्त्यावर हॉर्न वाजवायचा फार. एक सून, तिला सगळी ओळ जिभली म्हणायची. का, ते येतंच आहे. आणि एक नात. तिचं नाव पडलं होतं बाहुली. जिथं ठेवावं तिथं बसून राहायची, म्हणून बाहुली.

पाच वर्षांची झाली तरी पोर उभी राहिली नव्हती. पाय होते, बोटं होती, बोटांना गुलाबी नखं होती, पण हाडं मऊ. काखेत हात घालून उभी केली की पाय कोयत्यासारखे वाकायचे आणि ती मटकन खाली बसायची. बसायची आणि हसायची, जसं काही तिनंच गंमत केली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई थेंब द्यायच्या, ऊन द्या म्हणायच्या, धीर धरा म्हणायच्या. जिभलीनं थेंब दिले, ऊन दिलं. धीर मात्र गाठीशी होता तेवढा संपत आला होता. तिला सोनं नको होतं, माडी नको होती. पोरीनं बाहेरच्या दारापासून आतल्या ओट्यापर्यंत आपल्या पायांनी यावं आणि "आई, भूक लागली" म्हणावं, एवढं एकच मागणं. तेवढ्यासाठी ती काहीही करायला तयार होती. काहीही म्हणजे काय काय, हे माणसाला आधी कुठं ठाऊक असतं?

२

डोंगराच्या पोटात खताचा दगड होता. साहेब लोक त्याला फॉस्फेट म्हणायचे, बाया नुसतं माल म्हणायच्या. वरून डंपर भरून यायचे, दगड यंत्रात फुटायचा आणि रबरी पट्ट्यावरून सरकत जायचा. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बाया उभ्या, डोक्याला रुमाल, नाकाला फडकं. चुनखडी उचलून बाहेर फेकायची, माल पुढं जाऊ द्यायचा. आता चुनखडी आणि माल दिसायला सख्ख्या बहिणी. नजर फसली की फडकं खाली करून दगडाला जीभ लावायची. चुनखडी लागते आणि सुटते. माल चिकटतो. या कामात जिच्या जिभेचा शब्द शेवटचा, ती जिभली.

पट्ट्यावर एक रीत होती. कधीमधी एखादा दगड असा यायचा की जिभेला चिकटला तो सुटायचाच नाही. त्याला बाया 'धरणारा' म्हणायच्या. धरणाऱ्याला ओढायचं नाही. पट्ट्याकडे पाठ करून गप उभं राहायचं, त्याचा तो सोडेल तेव्हा सोडेल. मग त्याला मालात टाकायचं नाही, चुनखडीतही टाकायचं नाही. रिकामा डंपर वर निघाला की त्यात ठेवायचा, आणि डंपरवाल्यानं तो वर, डोंगर कापून केलेल्या जुन्या पायरीच्या टोकाला, जिथं आता कोणी खणत नाही, तिथं नेऊन ठेवायचा. फेकायचा नाही. ठेवायचा. 

जिभली कामाला नवी होती तेव्हा तिनं थोरलीला, म्हणजे पट्ट्यावरच्या सगळ्यात जुन्या बाईला, कारण विचारलं होतं. थोरली म्हणाली, "तुझ्या दारात कुणी वाट चुकून आलं तर तू त्याला वाटेला लावतेस की नाही? मग!" तेवढ्यावर जिभलीनंही पुढं विचारलं नाही. कामाच्या शंभर रीती असतात, त्यातली एक.

तर एका सकाळच्या पाळीत जिभलीच्या हाताला एक दगड आला. गुडघ्याच्या वाटीएवढा, करडा, एका अंगानं गुळगुळीत. जीभ लावली आणि त्यानं धरलं. ती पट्ट्याकडे पाठ करून उभी राहिली.

"धरलं का ग जिभले?" शेजारची हसली. "बरं झालं. तुझ्या सासूला आज बोलायला मोकळं रान!"

हसता येत नव्हतं म्हणून जिभली डोळ्यांनी हसली. आणि उभ्या उभ्या तिला जाणवलं की दगड गरम आहे. तो नुसता चिकटला नव्हता, ओढत होता. तान्हं मूल ओढतं तसं, थांबून, श्वास घेऊन, पुन्हा. तिच्या मनात काय आलं बघा. साहेब एकदा पाहुण्यांना सांगत होते ते तिनं ऐकलं होतं: हाडात जे असतं ना, तेच या दगडात असतं. मग हा तर मालातला माल. आणि आपल्या घरी हाडांवाचून बसलेलं लेकरू.

दगडानं सोडलं तेव्हा बाहेर तिच्याच नवऱ्याचा रिकामा डंपर हॉर्न देत उभा होता. जिभली गेली, "जा, काही नाही" म्हणाली, आणि दगड डब्याच्या पिशवीत ठेवला.

३

पाळी दुपारी सुटायची. खोल्या दोनच. बाहेर एक खाट, भिंतीला फळी, फळीवर घड्याळ आणि बंद पडलेला रेडिओ; आत ओटा आणि पाण्याची टाकी. सगळ्यावर डंपरची पांढरी धूळ. पुसावी आणि मागं वळून बघावं तर पुन्हा तितकीच. बाहुलीची गादी खिडकीखाली. सकाळी तिचं तोंड रस्त्याकडे करून बसवायचं. मग ती डंपरांना हात करायची, शाळेच्या पोरांना हाका मारायची, आणि संध्याकाळपर्यंत तिची तक्रार नसायची. खिडकीसमोरच्या भिंतीपलीकडे मात्र काही नव्हतं. नुसता डोंगर.

जिभलीनं दगड धुतला, पुसला, पोरीपुढं धरला. "जीभ लाव. माल आहे."

"अगं बाई!" सासू डाळ निवडत होती, तिच्या हातातलं ताट कलंडलं. "लेकराला दगड चाटवतेस? उद्या विटा वाढशील!"

"साहेब म्हणाले, हाडात असतं तेच असतं यात."

"मग साहेबानं चाटावा."

बाहुलीनं जीभ लावली. दगडानं धरलं. पोरीचे डोळे मोठे झाले, मग ती नाकातून हसली आणि गप बसली. बराच वेळ. खोलीत घड्याळाचा तेवढा आवाज. सुटला तेव्हा म्हणाली, "अजून."

मग तसंच सुरू झालं. दुपारी आई आली, हात धुतले, की दगड. सासू तोंड फिरवून बसायची, पण नातीच्या गालावर रंग आलेला तिलाही दिसत होता, त्यामुळं तिचं बोलणं हळूहळू नुसतं पुटपुटण्यावर आलं.

अशात एका दुपारी जिभली आत भांडी घासत होती. बाहेर आवाज आला: टक. फरशीवर काही जड वस्तू अलगद ठेवावी तसा. ती हात पुसत बाहेर आली. बाहुली गादीवरच होती. पण तिची पाठ खिडकीकडे होती, आणि तोंड भिंतीकडे.

"सासूबाई, हिला कशाला फिरवलीत?"

"मी? माझी कंबर मला फिरवू देत नाही, मी तिला फिरवते!"

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो चहा पीत म्हणाला, "वाऱ्यानं फिरली असेल."

"पोर आहे का पतंग?"

"मग स्वतः फिरली असेल. चांगलंच आहे की."

खरंच की. स्वतः फिरली असेल तर चांगलंच. जिभलीनं मनाला तसं सांगितलं आणि मनानं ऐकल्यासारखं केलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच. टक, आणि पोर भिंतीकडे तोंड करून. 

जिभली तिच्यापुढं बसली. "काय बघतेस ग तिकडं?"

"बघत नाही. ऐकते."

"काय ऐकतेस?"

"बसल्याचा आवाज."

"बसल्याला कुठं आवाज असतो, वेडे?"

बाहुलीनं आईकडे असं बघितलं, जसं मोठी माणसं लहानांकडे बघतात.

४

मग पोर जड झाली.

कमरेवर मूल वागवणाऱ्या बाईला तराजू लागत नाही. नळावर नेताना, उन्हात ठेवताना, न्हाणीत नेताना रोजचं ओझं अंगाला पाठ असतं. एका सकाळी जिभलीनं पोरीला उचललं आणि तिचा पाय घसरला. दंड तेवढेच बारीक, मांड्या तेवढ्याच, झबलं तेच सैल. वजन मात्र पाण्यानं भरलेल्या हंड्याचं.

डॉक्टरीणबाईंनी काट्यावर ठेवलं आणि त्या खूश झाल्या. "वा! हाड भरतंय. काय बदल केलात?"

जिभलीच्या ओठांवर आलं होतं. तिनं गिळलं. "ऊन देते," म्हणाली.

ओळीत बातमी झाली. सासू नळावर सांगत सुटली, आमची नात भरली हो, हाडापेरानं भरली. ज्या बायांशी तिचं वैर होतं त्यांना तर दोनदा सांगितलं. खाणीवर तेव्हा दिवस बरे नव्हते. मालाचा थर पातळ होत चालला होता, खाण बंद पडणार अशी कुजबुज होती, आणि माणसं घाबरली की दुसऱ्याच्या घरातल्या चांगल्या बातमीलाही टेकतात. सगळ्यांना आनंद झाला. जिभलीलाही व्हायला हवा होता. पण मन चिंती ते वैरी न चिंती. पोरीला उचलताना तिला वाटायचं, आपण हिला उचलत नाही, हलवतोय.

त्या दिवशी दुपारी तिनं पिशवीतून दगड काढला आणि तिचा हात हवेतच थांबला. दगड हलका झाला होता. वाळलेल्या भोपळ्याएवढा हलका. आकार तोच, वाटी तीच, झीज नाही, चीर नाही.

वाळला असेल, ती मनाशी म्हणाली. ओला होता म्हणून जड होता. दगडाला काय, पाणी सुकतं.

तिनं तो नीट बघायला खिडकीशी नेला. गुळगुळीत अंगावरून अंगठा फिरवला. आणि अंगठा एका जागी किंचित आत गेला. तान्ह्या बाळाची टाळू असते ना, बोटाखाली मऊ लागते, धडधडते, तसा.

तिनं दगड खाटेवर टाकला नाही. टाकवेना. अलगद ठेवला. मागून बाहुली म्हणाली, "आई, त्याला पाडू नको हं."

५

दुसऱ्या दिवशी जिभलीनं दगड रुमालात गुंडाळून कामावर नेला. नवऱ्याचा रिकामा डंपर वर निघाला तेव्हा ती आडवी गेली.

"धरणारा आहे. जुन्या पायरीवर ठेवा. सांभाळून."

नवऱ्यानं रुमाल हातात घेतला. "अगं, आत काही आहे का नाही?"

"आहे. मागं बसवू नका, पुढं ठेवा. शेजारी."

"सीटवर? आणि तिकीट कुणी काढायचं?" तो हसला, पण ती हसली नाही म्हणून त्यानं दगड शेजारी ठेवला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत जिभली बघत राहिली. का कुणास ठाऊक, तिला हात करावासा वाटला.

चुकलं होतं ते निस्तरलं, असं तिला पट्ट्यावर वाटत राहिलं. रोजच्या वाटेनं घरी आली. दार लोटलं. गादी रिकामी होती.

सासू खाटेवर बसली होती, तोंडावर हात, डोळ्यांतून पाणी. तिला बोलता येत नव्हतं, आणि तिला बोलता येत नाही हे बघूनच जिभलीनं पिशवी दारातच टाकली. तेवढ्यात टक. टक. टक. आतल्या दारातून पोर चालत बाहेर आली. भिंतीला हात नाही, कुणाचा आधार नाही. सरळ पाय. आईपुढं येऊन थांबली.

"आई," म्हणाली, "भूक लागली."

आता कुठली आई तिथं विचार करत बसेल? जिभली खाली बसली, पोरीच्या पायांना मिठी मारली आणि अशी रडली की ओळीतली सगळी दारं उघडली. नवऱ्यानं रस्त्यातच ऐकलं आणि हॉर्न दाबून धरला तो खोलीपर्यंत सोडला नाही.

जेवताना तिनं हळूच विचारलं, "दगड ठेवलात ना?"

"ठेवला. नीट बसवून ठेवला." तो घास घेता घेता थांबला. "जाताना हलका होता ग तो. वर उतरवताना दोन्ही हात लागले. माझेच हात दमले असतील."

६

पोर चालायला लागली ती थांबेना. आणि एक गोष्ट जिभलीच्या हळूहळू लक्षात आली. ती बसत नव्हती.

जेवायला उभी. खिडकीशी उभी. शाळेत नाव घालायला नेली तर बाईंनी बाकाकडे बोट दाखवलं, ही बाकाशेजारी उभी. सासूला त्याचंही कौतुक. "इतकी वर्षं बसलीच होती की बिचारी. उभं राहण्याचा उपास सुटलाय तिचा, राहू दे की!"

"बस ग जरा," जिभली म्हणाली. "पाय दुखतील."

"नको. बसून झालंय."

"पाच वर्षांच्या पोरी बसून झालंय म्हणत नाहीत."

पोर खिडकीशी जाऊन उभी राहिली. ती पूर्वीसारखी हसतही नव्हती. म्हणजे हसायची, कुणी हसलं की हसायची, बघून बघून. पूर्वीची पडली की हसायची. ही पडतच नव्हती.

जिभलीनं आपल्या मनाला खूप झापलं. लेकरू मोठं होतंय. मोठं होताना जुनं हसू जातंच. दात पडतात तसं. देवानं ओंजळ भरली आणि तू बोटांतल्या फटी बघत बसलीस! पण मनाला झापून अंगाला कळत नाही. पोरीची वेणी घालताना केसांतून वास यायचा. मालाचे दोन दगड एकमेकांवर आपटले की येतो तो, जळक्या केसांचा. खाणीची पोर आहे, दुसरा कसला वास येणार?

मग एक दिवस पोर शाळेतून आली, गालावर धूळ. आईनं रुमाल शोधला, सापडला नाही. तशीच तिला जवळ ओढली, गालाचा मुका घेतला, आणि आया करतात तशी जिभेच्या शेंड्यानं धूळ पुसायला गेली.

गालानं धरलं.

जिभली हलली नाही. ओढायचं नाही हे तिच्या हाडात होतं. ती गुडघ्यांवर तशीच राहिली, तोंड पोरीच्या गालाला, डोळे उघडे. समोर भिंत. घड्याळ. आत सासू कुणाशी तरी नातीचं कौतुक करत होती. गाल गरम होता. थांबून, श्वास घेऊन, पुन्हा ओढत होता. पोरही हलली नाही. तिला सवय असल्यासारखी उभी होती.

सोडलं तेव्हा पोर म्हणाली, "आई, कुणाला सांगू नको हं."

७

पट्ट्यावरची रीत जिभलीला माहीत होती. धरणारा रिकाम्या गाडीनं वर जातो. 

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. पोरीला चांगला झगा घातला, हात धरला आणि रस्त्यावर येऊन उभी राहिली. नवऱ्याचा रिकामा डंपर आला.

"कुठं निघाल्या राण्या?"

"हिला खाण दाखवायची. वर न्या."

"आज? आज जुन्या पायरीला सुरुंग आहे. साहेबाला वाटतं तिथं अजून माल निघेल. भोंग्याच्या आत खाली यावं लागेल."

"येते. न्या तर खरं."

पोर केबिनमध्ये दोघांच्या मधे उभी राहिली. नवरा गाणं गुणगुणत होता. लेकीला गाडीतून नेण्याची त्याची किती दिवसांची हौस होती. जिभली त्याच्याकडे बघायचं टाळत होती.

वर पोचल्यावर तो सुरुंगवाल्यांशी बोलायला उतरला. जिभली पोरीला घेऊन जुन्या पायरीच्या कडेनं चालू लागली. वर कुणी नव्हतं. ऊन, पांढरे दगड, आणि खाली काड्यापेटीएवढी पत्र्याची ओळ. पायरीच्या टोकाला परत आणलेले दगड होते. बरेच होते. सगळे नीट ठेवलेले, एकमेकांपासून जरा जरा अंतरावर. माणसं सावलीत वाट बघत बसतात तसे.

आणि त्यांच्या शेवटी एक बसली होती.

लहान. पांढरी, सगळं अंग धुळीनं पांढरं. पाय कोयत्यासारखे दुमडलेले. तिचं तोंड खालच्या ओळीकडे होतं, शेवटच्या खोलीकडे, आणि मान एका अंगाला कललेली होती, डंपर येताना बघायला कलायची तशी.

जिभलीच्या हातातला हात घट्ट झाला.

दगड आहे, जिभली मनात म्हणाली. दगडच. ऊन डोळ्यांवर आहे, मन थाऱ्यावर नाही, दगडाला काय कसलाही आकार येतो. डोक्यावर केसांसारखं काही हललं. धूळ उडाली असेल. वर वारा असतोच.

तेवढ्यात भोंगा झाला. लांबलचक, पहिला. खालून नवरा ओरडला, "अगं ए, चला!"

"आई, चल," पोर म्हणाली. तिनं आईचा हात सोडला, चार पावलं सरळ चालून दाखवली, वळली. तोंडावर ऊन होतं. "बघ. किती नीट चालते."

जिभली मधे उभी होती. ती बसलेली हाकेच्या अंतरावर होती. दोन उड्यांत गाठता आली असती, उचलून कमरेवर घेता आली असती, ओझं अंगाला पाठ होतं. एक हाक मारायची होती, बाहुले म्हणून. दगड असता तर गप राहिला असता. नसता तर वळून हसली असती.

तिनं हाक मारली नाही.

दुसरा भोंगा झाला. जिभलीनं हात पुढं केला, आणि जी चालत होती तिनं तो धरला. दोघी डंपरकडे धावल्या. पोर आईच्या पुढं धावत होती.

खालच्या वळणावर असताना डोंगर हादरला. नवऱ्यानं गाडी थांबवली, सगळ्यांनी मागं वळून बघितलं. जिभलीनं नाही. धूळ बराच वेळ खाली येत राहिली, काचेवर, झग्यावर, जिभलीच्या मिटलेल्या ओठांवर.

८

त्या सुरुंगानं डोंगराचं नशीब उघडलं. जुन्या पायरीच्या पोटात मालाचा असा जाड थर निघाला की साहेब टोपी काढून बघत राहिले. खाण बंद पडायची गोष्टच संपली. ज्यांनी बोचकी बांधली होती त्यांनी ती सोडली. नवे डंपर आले, आणि ते चालवणाऱ्यांवर देखरेख करायला जिभलीचा नवरा नेमला गेला. आता तो स्वतः हॉर्न वाजवत नाही, दुसऱ्यांना वाजवू नका म्हणतो. पत्र्याच्या जागी पक्की घरं झाली. सासूला मऊ गादी मिळाली, खिडकी मिळाली, आणि नात शाळेच्या शर्यतीत पहिली आली तेव्हा तर तिनं कंबर दुखतेय हे सांगायचंही सोडून दिलं.

नव्या थराचा पहिला माल पट्ट्यावर आला त्या दिवशी बायांची झुंबड उडाली. इतका पांढरा, इतका मऊ दगड कुणी बघितला नव्हता. शेजारचीनं फडकं खाली केलं, एक तुकडा जिभेला लावला आणि तिचे डोळेच मिटले.

"काय माल आहे ग! गोड लागतो. जिभले, बघ तरी!"

"तू सांगतेस ना," जिभली म्हणाली. "मग जाऊ दे पुढं."

तिनं त्यानंतर कुठल्याच दगडाला जीभ लावली नाही. मुकादमानं तिला पोती शिवायच्या कामावर घातलं. तिथं सावली असते, बोलावं लागत नाही.

संध्याकाळी ती घरी येते तेव्हा दारात लेक उभी असते. उंच झाली आहे, पाय सरळ आहेत, डोळे आईवर आहेत. ओळीतल्या बाया आपल्या लेकींना सांगतात, नशीब असावं तर त्या घरासारखं. जिभली पिशवी खाली ठेवते, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवते. बराच वेळ फिरवते, घाई करत नाही. मग दोघी आत जातात, आणि घरातली चारही माणसं जेवतात. तिघं बसून, एक उभी.